बागेत गाणं करायचं म्हणून अर्ज दिला

मी लग्न होऊन सांगलीत आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. घरी गाण्याचे क्लास घेते. इतक्या वर्षांत महापालिकेशी संबंध म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि सकाळची कचऱ्याची गाडी एवढाच आला होता. पालिकेच्या बागा आहेत, नाट्यगृहं आहेत, मैदानं आहेत हे माहीत होतं, पण तिथं आपलं काही करायचं असेल तर जाऊन रीतसर मागता येतं हे कधी मनातच आलं नव्हतं. गेल्या दिवाळीत ते सगळं केलं, आणि कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून जसं झालं तसं सांगते.

माझ्याकडे बावीस जण शिकतात. सगळ्यात लहान मुलगी नऊ वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू एकाहत्तरच्या. दरवर्षी दिवाळीत आमचा छोटा कार्यक्रम घरच्या हॉलमधे व्हायचा, पण हॉलमधे पंचवीस माणसं बसली की संपलं, बाकीचे पालक जिन्यात बसायचे, त्यांना ऐकू यायचं पण आपलं पोर गाताना दिसायचं नाही. मागच्या वर्षी एक आजी जिन्यात बसून रडल्या होत्या, नात पहिल्यांदा गात होती आणि त्यांना तिचा चेहरा दिसला नाही. ते माझ्या मनात राहिलं होतं. मग या वेळी गणपती झाले की लगेच ठरवलं, पाडव्याला दिवाळी पहाट करायची, बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी.

आमच्या वरच्या मजल्यावर आण्णा राहतात, सरकारी नोकरीतनं रिटायर झालेत, कागदपत्रांची त्यांना फार आवड. ते म्हणाले सांगलीत राहून गाण्याला जागा मागायला कसला संकोच करताय, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि तिथनं मराठी नाटक सुरू झालं, आणि त्यांना नाटक कर म्हणून सांगितलं कुणी तर खुद्द संस्थानच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी. म्हणजे तेव्हा गावाच्या कलेचं बघायचं काम राजाचं होतं, आता ते पालिकेचं आहे. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली तिच्यात शहरांच्या कारभाराचे १८ विषय दिलेत, त्यातला एक बागा-उद्यानं-मैदानांचा आणि त्याच्या पुढचाच सांस्कृतिक, शैक्षणिक गोष्टींना उत्तेजन देण्याचा. आण्णांनी ते पान काढून मला दाखवलं. मला खरंच धीर आला, कारण तोपर्यंत मला वाटत होतं आपण कुणाकडे तरी मेहेरबानी मागायला चाललोय.

पहिल्यांदा नाट्यगृहातच चौकशी केली. तिथं जे गृहस्थ बसले होते त्यांनी तारखांचं रजिस्टर उघडायच्या आधीच विचारलं, मॅडम माणसं किती येतील. म्हटलं शंभर, फार तर सव्वाशे. ते म्हणाले, मग हॉल घेऊ नका, एवढ्या मोठ्या हॉलमधे शंभर माणसं बसली की गाणाऱ्याला समोर रिकाम्या खुर्च्याच दिसतात, लहान मुलं बुजतात, आणि भाडं, लाइट, साउंड सगळं पूर्ण हॉलचं भरावं लागतं. तुमच्या कॉलनीत पालिकेची बाग नाही का, तिथं करा की, उद्यान विभागात अर्ज द्या. त्यांना आमचं बुकिंग घेऊन मोकळं होता आलं असतं, पण त्यांनी जे आमच्या सोयीचं तेच सांगितलं. या माणसाचे मी मनापासून आभार मानते.

आमची बाग शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला आत आहे, मोठी नाही, चालत फेरी मारली तर पाच मिनिटं. लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते ना, त्या ओपन स्पेसवर झालेली बाग. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ही बाग पण पाण्याखाली होती, पाणी उतरल्यावर बाकांवर सगळा काळा गाळ आणि लहान झाडं बरीचशी कुजून गेलेली. मोठी झाडं तेवढी टिकली, एक रेन ट्री, दोन करंज, कोपऱ्यातला पारिजातक आणि मधल्या फरशीच्या गोल चौथऱ्याजवळची बकुळ. बाकीची सगळी त्यानंतर लावलेली.

उद्यान विभागात ज्या मॅडम होत्या त्यांनी माझा अर्ज वाचला आणि परत दिला. रागावून नाही, नीट समजावून. मी लिहिलं होतं 'कृपया दिवाळी पहाट कार्यक्रमासाठी बाग मिळावी ही नम्र विनंती' आणि खाली सही. त्या म्हणाल्या यावर वरचे साहेब निर्णय घेतील कशावर? मग त्यांनी एकेक विचारलं आणि मी तिथंच बसून दुसऱ्या कागदावर लिहिलं. तारीख, आणि वेळ नुसती कार्यक्रमाची नाही तर सामान आणायला कधीपासून लागणार आणि झाडलोट करून कधी निघणार तीही. माणसं किती. तिकीट आहे का, कारण विनातिकीट आणि तिकिटाचा यांचा हिशोब वेगळा. स्टेज, खुर्च्या, लाइट, स्पीकर यातलं काय काय. खाणं आत वाटणार का. जाहिरातीचा फलक लावणार का. या शेवटच्याला मी अडखळले, कारण एका दुकानदारांनी आम्हाला पैसे द्यायची तयारी दाखवली होती पण गेटवर त्यांचं बॅनर पाहिजे होतं. मॅडम म्हणाल्या जाहिरातीचा फलक आला की त्याची परवानगी वेगळी, फी वेगळी, आणि तुमचा घरगुती कार्यक्रम मग घरगुती राहत नाही. आम्ही ते पैसे नाकारले. प्रत्येक घरानं थोडे थोडे घातले आणि तेवढ्यात भागलं.

अर्ज आयुक्तांच्या नावानं, मार्फत उद्यान विभाग, सोबत आधारची झेरॉक्स आणि बागेचा हातानं काढलेला नकाशा, त्यात आम्ही कुठं बसणार ते दाखवलेलं. आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि नंबर घ्यायचा, म्हणजे पोच. ती पोच जपून ठेवा, पुढं प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न असतो आवक नंबर काय.

मॅडमनी निघताना एक वाक्य सांगितलं ते मला फार पटलं. म्हणाल्या, आम्ही तुम्हाला बाग देत नाही, बागेतली थोडी जागा थोड्या वेळासाठी देतो, सकाळी फिरायला येणाऱ्यांचा ट्रॅक त्या दिवशी पण उघडाच राहणार, गेट बंद करायचं नाही, कुणाला अडवायचं नाही.

आठ-दहा दिवसांनी पाहणी झाली. विभागाचे सुपरवायझर आले होते आणि बरोबर आमच्या बागेचे माळी मामा. मामांना मी वर्षानुवर्षं बघतेय, खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात पाइप. पण बोलणं असं कधी झालं नव्हतं. सुपरवायझर फॉर्म भरत होते, आणि जागा दाखवायचं काम मामांनी केलं. मी रेन ट्रीखाली बसायचं ठरवलं होतं कारण तिथं सावलीचं मोठं छत्र आहे, फोटो छान येतील. मामांनी वर बोट दाखवलं, "ताई, ती वाळकी फांदी बघा. पावसात भिजून जड होते आन् वारं नसताना पण पडती. हितं पोरं बसवू नका." मी वर बघितलं तर मनगटाएवढी फांदी खरंच वाळलेली, मी इतकी वर्षं त्या झाडाखालनं जाते आणि कधी मान वर केली नव्हती. मग म्हटलं लॉनवर बसू. तर त्यांनी चप्पल काढून पायानं लॉन दाबून दाखवली, पायाचा ठसा उठला. आपली काळी माती, परतीचा पाऊस होऊन गेलेला, आत अजून ओल होती. म्हणाले हितं शंभर माणूस दोन तास बसलं की माती थापटून घट्ट होणार, मग वरनं हिरवं दिसतं पण मुळाला हवा मिळत न्हाई, महिन्याभरात चट्टे पडणार. पारिजातकाखाली नको, कारण पहाटे फुलं पडतात, ती वेचायला रोज सात-आठ बायका येतात, त्यांची जागा ती.

राहिला बकुळीजवळचा फरशीचा चौथरा. मी म्हटलं ठीक आहे, गाणारे बकुळीकडे पाठ करून बसतील. मामा चौथऱ्यावर चढले, मी जिथं बसणार तिथं स्वतः मांडी घालून बसले आणि पूर्वेकडच्या बिल्डिंगकडे बघितलं. "साडेसहाच्या पुढं ऊन त्या बिल्डिंगच्या कडेनं येतंय, थेट गाणाऱ्याच्या डोळ्यात. तोंड अशी करा." आणि तिरकं बसून दाखवलं. मी पंचवीस वर्षं स्टेजवर बसतेय पण उन्हाचा विचार करून बैठक कुणी लावून दिली नव्हती मला.

परवानगीचं पत्र आलं त्यात अटी होत्या. झाडांना खिळे, तारा, दोऱ्या बांधायच्या नाहीत. लॉनवर बसायचं नाही. खड्डे खणायचे नाहीत. बागेतल्या मीटरवरनं वीज घ्यायची नाही. ट्रॅक मोकळा ठेवायचा. आत खाणं वाटायचं नाही. कार्यक्रम संपल्यावर दोन तासांत जागा साफ. नाममात्र भाडं आणि अनामत रक्कम चलनानं भरायची, अनामत पाहणी करून परत. पाहणीच्या आधी हे पत्र हातात पडलं असतं तर मी घरी येऊन म्हटलं असतं हे करू नका ते करू नका, मग करायचं काय. पण आता प्रत्येक ओळ वाचताना मला मामांचा पाय लॉनमधे रुतलेला दिसत होता. खिळ्यांच्या अटीवर आण्णांनी सांगितलं की महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात झाड तोडणं या शब्दाच्या व्याख्येतच झाड जाळणं, छाटणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं येतं.

आता पोलीस परवानगी. स्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो आणि तिथं जागा ज्याची त्याचं ना हरकत पत्र लागतं, आणि उद्यान विभागाच्या पत्रात लिहिलेलं असतं 'पोलीस परवानगीच्या अधीन राहून'. म्हणजे आधी बाग, मग पोलीस, हा क्रम लक्षात ठेवा, उलटा करायला गेलात तर हेलपाटे होतात.

ठाण्यात जे साहेब होते त्यांनी अर्जावरची वेळ वाचली, पहाटे पाच ते साडेसात, आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले ताई, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर चालत नाही. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि सहा वाजेपर्यंत ती रात्रच धरतात. मी म्हटलं मग सहापर्यंत स्पीकर लावत नाही, नुसती पेटी तबला. ते म्हणाले उघड्या जागेवर तेही नाही, नियमात नंतर वाद्यं पण घातलीत. सणाला सरकार जी सूट देतं ती रात्री दहा ते बारा असते, वर्षातल्या ठरावीक दिवसांची, पहाटेची नाही.

माझा चेहरा पडला. दिवाळी पहाट म्हणजे पाच, हे डोक्यात पक्कं बसलेलं, आणि मेसेज पण सगळ्यांना पाचचा गेलेला. साहेबांनी मग सहजच विचारलं, तुमच्या आसपास कोण कोण राहतं? आणि मला एकदम आठवलं, बागेच्या भिंतीला लागून एका घरात आजोबा अंथरुणाला खिळून आहेत, गेले वर्षभर. रात्री त्यांना झोप लागत नाही, लागते ती पहाटे, हे मला त्यांच्या सूनबाईनंच सांगितलेलं. मी अर्ज तिथंच दुरुस्त केला, सहा ते साडेसात.

संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर मेसेज टाकला, वेळ बदलली, पाच नाही सहा, माफ करा. मला वाटलं लोक नाराज होतील. तर सगळ्यात पहिला रिप्लाय एका विद्यार्थिनीच्या आईचा, ताई बरं झालं, पाचचं म्हणजे मला तीनला उठून पाणी तापवून सगळ्यांना तेल-उटणं लावून, औक्षण करून निघायला लागलं असतं, मी येणारच नव्हते. मग तिच्यासारखे अजून सहा-सात. आम्ही बायकांनीच बायकांना यायला जमणार नाही अशी वेळ ठरवली होती आणि एकीनंही तोंडानं सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मला अजून टोचते. कार्यक्रम कुणासाठी असतो हे वेळ ठरवतानाच ठरतं.

मांडव घातलाच नाही, नुसत्या सतरंज्या, चौथऱ्यावर गादी आणि थोड्या लाइटच्या माळा. स्पीकर एक, छोटा, बॅटरीवरचा. आदल्या दिवशी संध्याकाळी परत पाऊस आला, अर्धा तास जोरात, मी गॅलरीत उभी राहून नुसती बघत होते. आठला थांबला.

रात्री नऊच्या सुमारास लाइटवाल्याचा मुलगा माळा लावून गेला असेल म्हणून बघायला गेले. गेटजवळच ठक ठक आवाज आला. आत गेले तर तो मुलगा शिडीवर, आणि बकुळीच्या खोडात खिळे मारत होता. तीन मारून झाले होते. मी ओरडले तसा तो घाबरून खाली उतरला, मला कुणी काय सांगितलं नाही म्हणाला, आणि ते खरं होतं. अटींचं पत्र माझ्या फाइलमधे होतं, त्याला मी फक्त माळा किती मीटर ते सांगितलं होतं. तेवढ्यात मामा आले. त्यांची ड्युटी कधीच संपली होती, पाऊस झाला म्हणून लॉनवर पाणी साठलं का बघायला आले होते. मला वाटलं आता बोलणार. ते काहीच बोलले नाहीत, मुलाच्या हातातली पक्कड घेतली आणि शिडीवर चढले.

खिळा त्यांनी ओढला नाही. आधी थोडा डावीकडे वळवला, मग थोडा उजवीकडे, परत डावीकडे, जसं लहान मुलाच्या पायातला काटा काढतात तसं. मी खाली टॉर्च धरून उभी. बकुळीची साल काळपट, भेगाभेगांची, आणि खिळा बाहेर आला तसा त्या भोकातनं पांढरा चीक आला, एक थेंब, सालीवरनं अगदी सावकाश खाली उतरला. तिन्ही ठिकाणी तसंच. मुलगा पण बघत होता. तो म्हणाला, मामा दूध येतंय. मामा म्हणाले, "येणारच की. जित्तं हाय ते." मग मागच्या खोलीतनं त्यांनी बांबू आणले, कुंड्यांच्या मातीत रोवून उभे केले आणि त्यावर माळा सोडल्या. त्या मुलानं शेवटपर्यंत बांबू धरले, घरी जायची घाई केली नाही.

पाडव्याला साडेपाचलाच माणसं यायला लागली. अंधार होता, ट्रॅकच्या कडेनं मुलींनी पणत्या लावल्या होत्या, आणि सहापर्यंत काही वाजवायचं नाही हे सगळ्यांना सांगितलेलं म्हणून सगळे हळू आवाजात. मग हळूहळू तेही थांबलं. पंधरा-वीस मिनिटं शंभरावर माणसं नुसती बसून होती. करंजाच्या बाजूनं पिंगळ्याची जोडी चिरचिरत होती, लांब कुठंतरी भारद्वाजाचं ऊप-ऊप-ऊप चालू झालं. पारिजातकाखाली नेहमीच्या बायका फुलं वेचत होत्या, त्या आमच्याकडे बघून हसल्या आणि वेचत राहिल्या. माझ्या शेजारी नऊ वर्षांची ती मुलगी बसली होती, ती माझ्या कानात म्हणाली, ताई किती वाजले. मी घड्याळ दाखवलं, पाच चौपन्न. तिनं माझं मनगटच धरून ठेवलं.

तानपुरा मिरजेचा आहे, माझ्या गुरूंनी दिलेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी त्याला हार घातला होता. घरी जुळवून आणला होता पण दवानं उतरला होता, आणि सहाच्या आधी तार छेडायची नाही, मग सहाला पहिलं काम तेच, मणी सरकवत, खुंटी पिळत, दोन अडीच मिनिटं सगळ्यांसमोर जुळवत बसले. एरवी हे पडद्याआड होतं. पण लोक इतके शांत झालेले होते की जोडाच्या दोन तारा एकमेकींना मिळाल्या तो क्षण मागच्या रांगेतल्यांना पण कळला, कुणीतरी नुसतं "हां" म्हणालं. मग भूपाळीनं सुरुवात केली. स्पीकर आम्ही इतका बारीक ठेवला होता की गेटच्या बाहेर फारसं जात नव्हतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, ते गायला लागले तेव्हा माइक कुठं होते, हा विचार मनात आला आणि दुसऱ्या गाण्याला मी स्पीकर अजून कमी करायला सांगितला.

ट्रॅकवर फिरणारे फिरतच होते. एक काका, कानाला मफलर, प्रत्येक फेरीला आमच्या समोर आले की पावलं हळू करायचे. पाचव्या-सहाव्या फेरीला थांबले. नंतर चप्पल काढून सतरंजीच्या कडेला बसले. ऊन बिल्डिंगच्या कडेनं आलं ते मामांनी सांगितलं होतं तसंच, आमच्या खांद्यावर पडलं, डोळ्यात नाही. मागच्या वर्षी जिन्यात रडलेल्या त्या आजी पहिल्या रांगेत होत्या. नात गायला लागली तसा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आणि गाणं संपेपर्यंत पापणी हलवली नाही.

फराळ गेटच्या बाहेर दिला, चहा आणि भडंग, पिशव्यांमधे कप गोळा केले. साडेआठपर्यंत झाडून झालं होतं. भिंतीपलीकडच्या आजोबांच्या सूनबाई गेटवर आल्या, मला वाटलं त्रास झाला म्हणून आल्या. त्या म्हणाल्या बाबा जागे होते, त्यांनी खिडकी उघडायला सांगितली.

आता अनामतीचं. अनामत परत मिळायला पाहणी अहवाल लागतो. सुपरवायझर आले, बाग फिरले, लॉन ठीक, ट्रॅक ठीक, कचरा नाही. फॉर्मवर एक रकाना असतो, 'कार्यक्रमामुळे झालेले नुकसान'. त्यांनी मामांकडे बघितलं. मामा माझ्याकडे बघत होते, काहीच बोलेनात. मीच म्हटलं, बकुळीला तीन खिळे मारले गेले, आम्ही काढले, पण मारले होते. लिहा. सुपरवायझरनी लिहिलं. अनामतीतनं थोडे पैसे कापले गेले, बाकीचे काही आठवड्यांनी खात्यावर जमा झाले. ते कापलेले पैसे मी स्वतः भरले, क्लासच्या जमा रकमेतनं घेतले नाहीत. आण्णा म्हणाले नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मला तसं वाटत नाही. मामांना त्या माणसांसमोर माझ्यासाठी खोटं बोलायला लागलं असतं, किंवा माझ्याविरुद्ध खरं बोलायला लागलं असतं, दोन्ही वाईट.

आठवडाभरानं मामांनी मला बागेत हाक मारली. त्यांच्या भावाची तासगावकडं द्राक्षबाग आहे, छाटणी झाली की तिथं बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं औषध, लागतोच, तर तिकडनं ते थोडं मोरचूद आणि चुना घेऊन आले होते. बोर्डो पेस्ट म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, ते त्या प्रमाणात पण अगदी वाटीभर कालवलं होतं, प्लॅस्टिकच्या डब्यात, लोखंडाच्या नाही. मला म्हणाले तुमच्या हातानं लावा. मी जुन्या ब्रशनं तिन्ही भोकांवर लावलं. नऊ वर्षांची ती मुलगी बरोबर होती, तिनं तिसऱ्यावर लावलं. निळे ठिपके, वाळल्यावर फिकट झाले. बुरशी आत जात नाही, साल हळूहळू कडेनं भरत येते, असं मामांनी तिला समजावून सांगितलं, आणि तिनं विचारलं किती दिवस लागतात, तर ते म्हणाले दिवस न्हाई पोरी, वरसं.

ती आता क्लासला येताना बागेतनं येते आणि मला येऊन सांगते आज ठिपके कसे आहेत.

परवा मी परत उद्यान विभागात गेले होते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात ते आठ, चौथऱ्यावर, स्पीकरशिवाय, ज्याला यायचं त्यानं येऊन बसावं, गावं, ऐकावं असा अर्ज दिलाय. या वेळी मॅडमना काही विचारावं लागलं नाही, त्यांनी वाचला आणि शिक्का मारला. आवक नंबर मिळालाय, पाहणी व्हायची आहे. मामांना सांगून ठेवलंय, म्हणाले थंडीत ऊन दुसऱ्या बाजूनं येतं, बैठक परत बघायला लागेल.